सासऱ्यांच्या पथ्यातला जंबालाया

ह्यूस्टनच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेत. वय ७४, रक्तदाब जुनाच, आता हृदयही थकलंय. डॉक्टरांनी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घातली आहे. घरात दर शुक्रवारी जंबालाया होतो, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा, कोंबडी-सॉसेज घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात, आणि तो मुलांच्या फार आवडीचा. आजोबांसाठी शेजारच्या पातेल्यात अळणी भात शिजतो. तो ते मुकाट्याने खातात, पण खाताना मान वर करत नाहीत. तर कमी मिठाचा जंबालाया खरंच होतो का? बासमती चालेल का? आणि दुकानात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ घातलं तर सगळा प्रश्नच मिटेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकी सगळं चवीचं आहे, हे तब्येतीचं आहे. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमची जागा बऱ्याच अंशी पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या कित्येक गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही नावं आपल्याकडच्या औषधांच्या डब्यांत नेहमी दिसतात. त्यात मूत्रपिंडं जरा मंद असली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून विचारल्याशिवाय ते मीठ स्वयंपाकघरात आणू नका. सैंधव आणि काळं मीठ चालतं असं कुणी सांगेल. तीही सोडियम क्लोराइडच, सैंधव उपवासाला चालतं एवढंच.

आता जंबालाया. मी लुइझियानात बॅटन रूजला आहारतज्ज्ञ म्हणून एकोणीस वर्षं काम करते आहे आणि हृदयाच्या रुग्णांना काय खावं हे सांगण्यात माझा निम्मा दिवस जातो. पण जंबालाया मी दवाखान्यात नाही, शेजाऱ्यांच्या परसात शिकले. शेजारी मूळचे गोन्झालेसचे. हे गाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. स्वतःला जंबालायाची जागतिक राजधानी म्हणवून घेतं आणि १९६८पासून तिथे जंबालायाचा उत्सव भरतो. स्पर्धेत लाकडाच्या जाळावर बिडाच्या अवाढव्य भांड्यात कोंबडीचा जंबालाया शिजवतात. रंग तपकिरी, टोमॅटोचा पत्ता नाही. न्यू ऑर्लीन्सकडे क्रेओल पद्धतीचा लाल जंबालाया होतो, त्यात टोमॅटो आणि बहुतेक वेळा कोळंबी. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या भांड्याकडे बघून नाक मुरडतात, आपल्याकडे मिसळीवरून पुणे-कोल्हापूर चालतं तसं.

तुमच्या कामाचा आहे तो तपकिरी. त्याचा रंग आणि चव दोन्ही भांड्याच्या तळातून येतात. मांस चिकटू द्यायचं, करपण्याच्या अलीकडे थांबायचं, जरासं पाणी मारून तो थर खरवडून काढायचा, पुन्हा चिकटू द्यायचं. लुइझियानात या थराला ग्रातँ म्हणतात. आपली खरवड. दुधाची खरवड बोटाने चाटलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको. कमी मिठाच्या जंबालायाचं मर्म या खरवडीत आहे. इथल्याही बऱ्याच घरांत आता तिच्यामागे वेळ घालवत नाहीत, तिच्याऐवजी पाकिटातला मसाला आणि डब्यातला स्टॉक ओततात. मीठ तिथून शिरतं.

किती शिरतं ते बघा. सहा जणांच्या भांड्यात साधारण एक पौंड आंदुई, म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं सॉसेज पडतं. माझ्याकडच्या पाकिटावर दर दोन औंसाला ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे पौंडाचं ४०००. चार कप तयार चिकन स्टॉक, कपाला ८५० धरले तर ३४००. पाकिटातल्या केजन, म्हणजे लुइझियानाच्या तिखट मसाल्याच्या पाव लहान चमच्यात ३००च्या घरात, म्हणजे एका मोठ्या चमच्यात ३६००. बेरीज ११,०००, ताटाला १८०० पेक्षा थोडं जास्तच. कंपनीगणिक आकडे बदलतील, पण मीठदाणीला हातही न लावता आजोबांचा जवळजवळ दिवसाचा कोटा एका ताटात संपतो हे नक्की. तुलनेसाठी लक्षात ठेवा: साध्या मिठाच्या एका सपाट लहान चमच्यात सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम असतं.

यात मीही फसले आहे. बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मोठ्या ऐटीत मी ‘रिड्यूस्ड सोडियम’ लिहिलेला स्टॉक आणला. सकाळी पाय सुजून त्यांच्या घोट्यांवर मोज्याचे वळ उमटले होते. इथल्या नियमाप्रमाणे ‘रिड्यूस्ड’ म्हणजे मूळ मालापेक्षा फक्त पंचवीस टक्के कमी. ‘लो सोडियम’ लिहायचं तर एका वाढणीत १४० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. ‘नो सॉल्ट अ‍ॅडेड’ म्हणजे वरून मीठ घातलेलं नाही, पदार्थात मुळात असेल ते असेल. हे मला शिकवलेलं होतं, मी रोज लोकांना सांगत होते, आणि आपल्या बापासाठी दुकानात उभी राहिले तेव्हा पुढचं लेबल वाचून मागचं वाचायचं राहिलं.

म्हणून स्टॉक घरीच करा. कोंबडीची हाडं, एक कांदा सालासकट, सेलरीचे शेंडे, दहा-बारा मिरी, दीड-दोन तास मंद आचेवर. मीठ अजिबात नाही. रविवारी करून ठेवला तर फ्रीजरमध्ये महिनाभर पुरतो. कोंबडी घेतानाही पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. इथे बऱ्याच कोंबड्यांना खारं पाणी टोचलेलं असतं, ‘अमुक टक्के सोल्यूशन’ असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ती नको. गोठवलेल्या कोळंबीचंही तसंच: घटकांत कोळंबीशिवाय सोडियमची फॉस्फेटं दिसली तर ते पाकीट परत ठेवा.

आता भांडं. बिडाचं, जाड बुडाचं, पाच-सहा लिटरचं. नॉनस्टिकमध्ये हा पदार्थ करूच नका, तिथे काही चिकटत नाही आणि आपल्याला तर चिकटायलाच हवं आहे.

सहा जणांना कोंबडीच्या मांड्या ९०० ग्रॅम, बिनहाडाच्या. मोठे तुकडे करून कागदाने टिपून कोरडे करा. ओलं मांस वाफेत शिजतं, तांबूस होत नाही. तीन मोठे चमचे तेल तापवून तुकडे दोन घाण्यांत टाका आणि मग हात मागे बांधून उभ्या राहा. उलथनं फिरवत राहायची सवय आपल्याला फार. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही. तुकडा आपणहून सुटला की उलटा. दोन्ही बाजू बदामी झाल्या की काढून ठेवा. तळाला चिकटलेलं तसंच राहू द्या.

सॉसेजच्या जागी मी खिमा वापरते. २५० ग्रॅम कोंबडीचा खिमा, त्यात दोन चमचे स्मोक्ड पॅप्रिका, चार लसूणपाकळ्या ठेचून, चमचाभर जाडसर मिरीपूड, अर्धा चमचा थाइम, पाव चमचा केयेन तिखट, चमचाभर व्हिनेगर. रात्रभर मुरवा. मिठाशिवाय खिम्याला चिकटपणा येत नाही, त्यामुळे त्याचे गोळे किंवा कबाब वळायला जाऊ नका, फुटतील. भांड्यात बोटभर जाडीची एकच मोठी थापी टाका, खालून चांगली काळपट-लाल होऊ द्या, उलटा, आणि मग उलथन्याने सुपारीएवढे तुकडे मोडा. आंदुईचा दंश याला येत नाही हे कबूल, पण धूर, मिरी आणि लसूण या तीन गोष्टी जागेवर असल्या की जीभ बरंचसं मान्य करते. धूर आणखी हवा असेल तर कोळशाची धुरी द्या, आपल्या पद्धतीने, वाटीत निखारा आणि वर तेलाचा थेंब. मात्र अंगणात द्या. मी एकदा आत दिली होती, धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत खाली उतरली.

मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघांना इथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात, पवित्र त्रिमूर्ती म्हणा. तीन मोठे कांदे, चार दांड्या सेलरी, दोन मिरच्या. मूळ कृतीत मिरच्या हिरव्याच असतात. तुम्ही एक हिरवी आणि एक लाल घ्या. कारण सांगते, कारण पुढे सगळीकडे ते उपयोगी पडेल: मीठ खारटपणा देतं तसाच कडवटपणा झाकतंही. मीठ काढलं की हिरव्या मिरचीचा कडसरपणा, जळलेला लसूण, करपलेला तळ हे सगळं उघडं पडतं. म्हणून कमी मिठाचा स्वयंपाक बेचव लागतो तेवढाच तो कडूही लागतो, आणि आपण त्याला नुसतं ‘अळणी’ म्हणून मोकळे होतो. लसूण शेवटी घाला, अर्धा चमचा साखर घाला, तळ काळा पडतोय असं वाटलं की लगेच पळीभर स्टॉक.

आधी नुसता कांदा. इथे घाई केलीत तर पुढचं काही खरं नाही. मध्यम आचेवर परता, तळाला तांबूस थर धरला की दोन-तीन चमचे स्टॉक मारून लाकडी उलथन्याने खरवडा, तो रंग कांद्यात मिसळू द्या, पुन्हा थर धरू द्या. असं तीन-चार वेळा. कांदा चिंचेच्या कोळासारखा दिसू लागला पाहिजे. मला यात चाळीस मिनिटं लागतात. दर खेपेला एकदा वाकून वास घ्या. खमंग आहे तोवर ठीक, धुरकट-कडू झाला तर ते टाकून नवीन कांदा चिरा, पाणी घालून सुधारणार नाही. मग सेलरी आणि मिरच्या, दहा मिनिटं. सेलरीत निसर्गतःच थोडं सोडियम असतं, एका दांडीत तीसेक मिलिग्रॅम. एवढ्याने हिशोब बिघडत नाही, पण खारटपणाची हूल छान मिळते. सेलरी दोन दांड्या जास्त झाली तरी माझी हरकत नाही.

मसाल्यात थाइम एक चमचा, मिरीपूड एक, केयेन अर्धा, लसणाची पूड एक. बाटलीवर लसणाची ‘पूड’च आहे ना ते बघा, शेजारीच ‘गार्लिक सॉल्ट’ तशाच बाटलीत असतं. थाइम संपलं असेल तर ओवा चिमूटभरच. दोघांत थायमॉल आहे म्हणून वास जुळतो, पण ओवा दांडगा, सगळ्यांवर बसतो. बे लीफच्या जागी मात्र आपलं तमालपत्र घालू नका. दिसायला भावंडं, झाडं वेगळी. तमालपत्राला दालचिनीचा वास असतो आणि जंबालाया थेट मसालेभाताकडे वळतो. मसालेभात उत्तमच, पण मग मुलं विचारतील आज शुक्रवार नाही का.

वूस्टरशायर सॉस दोन लहान चमचे चालेल, चमच्याला ६५ मिलिग्रॅम धरा. एक चमचा बिनमिठाची टोमॅटो पेस्ट कांद्याबरोबर परतून घेतली तर चवीला खोली येते. माझ्या गोन्झालेसच्या शेजाऱ्यांना हे सांगू नका. आणि आजोबांचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर ती पेस्टही वगळा, टोमॅटोत पोटॅशियम भरपूर असतं.

तांदूळ. बासमती नको. त्याचा सुगंध इथे उपरा वाटतो आणि लांब शीत उलटताना मोडतं. अमेरिकन लाँग ग्रेन घ्या, किंवा पार्बॉइल्ड, म्हणजे आपल्या उकड्या तांदळाचाच जातभाई. कोकणातला उकडा जाड असतो, हा बारीक लांब, पण तत्त्व तेच: एकदा वाफ खाल्लेला दाणा सहजासहजी गिच्च होत नाही. पहिल्या खेपेला तोच वापरा. दोन कप तांदळाला साडेतीन कप स्टॉक पुरतो, कारण कोंबडीला आणि कांद्याला पाणी सुटतं. पार्बॉइल्डला अर्धा कप जास्त.

कोंबडी आणि खिमा परत भांड्यात, वर उकळता स्टॉक. आता चव बघा. आधणाला तिखट-आंबटाची धार हवी, पातळ असताना जेवढं झणझणीत वाटतं त्याच्या निम्मं भातात उरतं. तांदूळ घालून झाकण न ठेवता उकळू द्या. पाणी आटून दाणे वर दिसू लागले की आच अगदी मंद, झाकण घट्ट. पंधरा मिनिटांनी एकदाच उघडा आणि भात ढवळू नका, तळातून उलथन्याने उचलून उलटा. गोन्झालेसची मंडळी याला भात ‘रोल’ करणं म्हणतात. ढवळलात तर खिचडी. पुन्हा झाकण, दहा मिनिटं, आच बंद, आणखी दहा मिनिटं हात लावू नका.

मीठ कुठे? सगळ्या भांड्याला मिळून अर्धा लहान चमचा. त्यातलं निम्मं कांदा परततानाच आणि निम्मं अगदी शेवटी. पाच पातीचे कांदे आणि मूठभर पार्सली बारीक चिरा, एका लिंबाचा रस आणि उरलेलं पाव चमचा मीठ त्यात कालवा, आणि वाढताना भातावर पसरा. वर राहिलेलं मीठ जिभेला आधी भेटतं, दाण्याच्या पोटात गेलेलं तेवढं जाणवत नाही. या हिशोबाने मीठ ११५०, कोंबडी आणि खिमा मिळून साधारण १०००, सेलरी आणि सॉस २५०, म्हणजे ताटाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसाचा पाचवा हिस्सा.

लिंबाऐवजी टबॅस्को आवडत असेल तर तेही चालेल, चमच्याला ३५ मिलिग्रॅम. गंमत म्हणजे १८६८पासून ते जिथे तयार होतं ते लुइझियानातलं एवरी आयलंड म्हणजे मिठाचाच डोंगर आहे, जमिनीखाली प्रचंड खडक मिठाचा. बाकीच्या लाल सॉसच्या बाटल्या मात्र उलटून बघा, काहींत याच्या पाचपट सोडियम असतं.

अजिनोमोटोबद्दल कुणीतरी विचारणारच. मिठात सोडियम ३९ टक्के, अजिनोमोटोत १२ टक्के. पाव चमचा घातलं तर हिशोबाने नुकसान नाही. मी घालत नाही, कारण कांदा नीट झाला की गरज पडत नाही.

आता घरच्या बाकीच्यांचं. ताई, दोन भांडी करू नका. एकच करा, आजोबांच्या पथ्याचं, आणि सगळ्यांनी तेच खा. मुलांना आणि नवऱ्याला आंदुई हवंच असेल तर त्याच्या चकत्या वेगळ्या तव्यावर कुरकुरीत करून वाटीत टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो वर घेईल. माझ्या रुग्णांपैकी पथ्य मोडतात ते बहुतेक भुकेने मोडत नाहीत. सगळे एका पातेल्यातून वाढून घेताहेत आणि आपलं शेजारी झाकून ठेवलंय, हे त्यांना सहन होत नाही. मग रात्री फ्रीज उघडला जातो. पहिले दोन-तीन शुक्रवार मुलं कुरकुरतील, आजोबाही ‘जरा कमी वाटतं’ म्हणतील. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्याआधी निकाल लावू नका.

पापड आणि लोणचं त्या दिवशी टेबलावर नको. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार हाही सोडियमचाच क्षार. लोणच्याचं तर बोलायलाच नको. आजोबांना काहीतरी कुरकुरीत लागतं असं तुम्ही लिहिलंय. त्यावर उपाय भांड्यातच आहे: भात काढून झाल्यावर तळाशी जो लालसर पापुद्रा राहतो तो आच दोन मिनिटं वाढवून सुटा करा आणि त्यांच्या ताटात घाला. आमच्याकडे त्याच्यासाठी भांडणं होतात, म्हणून मी बाबांचा वाटा आधीच काढून ठेवायची.

उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात फ्रीजमध्ये टाका. आणि अंगात पाणी साचतंय का ते कळावं म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचं वजन करून वहीत लिहा. एका दिवसात दोन-तीन पौंड वाढलं किंवा आठवड्यात पाच, तर त्या आठवड्यात काय शिजवलं याचा शोध नंतर घ्या, डॉक्टरांना फोन आधी करा.